मेणानं बुजवलेली सनई

द्वारकाआत्याचा भाऊ जाऊन सात महिने झाले होते, आणि तो मलकापुरातल्या एका मंगल कार्यालयात झकास सनई वाजवत होता.

यात कुणाला दचकण्यासारखं काही वाटत नव्हतं. सन दोन हजार त्रेचाळीस उजाडलं होतं, लोकांना असल्या गोष्टींची सवय होऊन गेली होती. वऱ्हाडी मठ्ठ्याचे पेले हातात घेऊन गप्पा मारत होते, करवल्या एकमेकींचे फोटो काढत होत्या, आणि मांडवाच्या कडेला एका स्टुलावर जेवणाच्या डब्याएवढी करडी पेटी ठेवलेली होती. पेटीवर फेटा बांधलेल्या हिंदुराव गुरवांचा फोटो, आणि पेटीतून भूप येत होता. बरं, हा भूप हिंदुरावांनी असा कधी वाजवलेलाच नव्हता. तो त्या घटकेला, त्या मांडवात, नव्यानं वाजत होता. नवरीला यायला उशीर झाला तसा पेटीनं राग लांबवला, भटजींनी माइक घेतला तशी ती हळू झाली. मुरलेला वाजवणारा जे करील ते सगळं ती करत होती.

आत्या तिसऱ्या रांगेत बसली होती. उंब्रजचं निम्मं गाव तिला आत्याच म्हणायचं. चौसष्ट वर्षांची, हाडापेरानं काटक, आणि जिभेनं जरा तिखट. तिनं डोळे मिटले. दादाची मींड, पंचमावरून खाली येताना दादा घ्यायचा तो झोका, सगळं जागच्या जागी होतं. तरी तिनं डोळे उघडून पेटीकडं बघितलं. ती शेजारच्या बाईला म्हणाली, "सूर बरोबर आहेत हो, पण दादा आमच्याकडं पाठ करून बसलाय." बाईंना काही उमगलं नाही. त्यांनी तिच्यापुढं मठ्ठा केला.

त्या पेटीत काय होतं ते नीट सांगायला हवं, कारण लोकांचा नेमका तिथंच घोटाळा होतो. ते रेकॉर्डिंग नव्हतं. रेकॉर्डिंग म्हणजे माणूस एकदा वाजवतो आणि मग जन्मभर तेच ते ऐकू येतं. कॅसेट घ्या नाहीतर मोबाइल घ्या, गोष्ट एकच. पुण्याच्या 'नादवंत' कंपनीनं आवाज साठवायचं सोडून माणसाची सवय साठवायला घेतली. वाजवणाऱ्याच्या बरगड्यांभोवती मऊ पट्टा बांधायचा, गालांवर आणि गळ्यावर कांद्याच्या पापुद्र्याएवढ्या पातळ चकत्या चिकटवायच्या, बोटांत अंगठ्या घालायच्या, आणि दहा-बारा दिवस त्याला मनसोक्त वाजवू द्यायचं. छातीत एवढीच हवा उरली की हा काय करतो, चुकला तर कसा सावरतो, कुठं मोहात पडतो, कुठं स्वतःला आवरतो, हे यंत्र बघत राहतं. स्वर बाहेर पडायच्या आधी तो अंगात ठरलेला असतो, आणि ते ठरणं यंत्र शिकतं. एकदा शिकलं की भोवतालचे आवाज ऐकून ते त्या माणसाचा पुढचा स्वर आपणच काढतं. ह्याला म्हणायचं ठसा.

ठसे निघाले आणि गाणंबजावणं रेकॉर्ड करायचा धंदा आडवा झाला. आधी मोठमोठ्या मंडळींचे ठसे झाले. मग लोक म्हणायला लागले, आमच्या पोरीच्या लग्नात आमच्याच भागातला माणूस वाजू दे. म्हणून कंपनी तालुक्यातालुक्यांत फिरली. कुठला संबळवाला, कुठला ढोलकीवाला, सगळ्यांची अंगं मोजून झाली. हिंदुराव तयार झाले ते वेगळ्या कारणानं. त्यांचं काळीज कुरकुर करायला लागलं होतं. मी गेल्यावरही भैरोबाला सकाळी सनई ऐकू आली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ठसा झाला आणि चार महिन्यांत ते गेले.

आणि तो ठसा पाठमोरा का झाला, हे जगात एकट्या आत्याला ठाऊक होतं, कारण चूक तिचीच होती.

सनईला माणसं दोन लागतात. एकजण वाजवतो. दुसरा सूर धरतो, म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच्या एक स्वर, न तुटता. गालांत हवा साठवायची, ती बाहेर सोडता सोडता नाकानं नवी ओढायची, आणि सुताएवढीही फट पडू द्यायची नाही. सूर धरणाऱ्याच्या सनईची भोकं मेणानं बुजवलेली असतात. त्यातून दुसरं काही निघायचंच नसतं. गुरवांच्या घरात ह्याची एक रीत होती. वाजवणारा थांबला की सूर लगेच थांबत नाही. तो एक श्वासभर मागं रेंगाळतो आणि मग मिटतो. काहीही झालं तरी सुरानं आधी थांबायचं नाही. आत्यानं एकेचाळीस वर्षं दादाचा सूर धरला आणि एकदाही त्याच्या आधी सनई खाली ठेवली नाही. एकदा मांडवाला आग लागली होती, तेव्हासुद्धा नाही.

आणि ह्या कामाला किंमत म्हणाल तर शून्य. सूर काय, कुणीही धरतं, असं लोक म्हणायचे, आणि सूर धरणारेही तसंच म्हणायचे. कऱ्हाडच्या एका स्टुडिओत दोघा भावंडांची कॅसेट निघाली होती, तिच्या कव्हरवर 'हिंदुराव गुरव आणि साथीदार' असं छापलं होतं. साथीदार म्हणजे आत्या. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्यामुळं ठसा घ्यायला आलेल्या केतकी हुपरीकर नावाच्या इंजिनियर मुलीनं जेव्हा विचारलं, की काकू, तुम्ही सुराला बसाल का, पण दोन सनया जवळजवळ वाजल्या की मोजमापात जरा गडबड होते, तेव्हा आत्यानंच हात झटकला होता. मी कशाला मध्ये, मशीनचा सूर लावा की, एकच तर स्वर आहे, असं ती स्वतःच्या तोंडानं म्हणून गेली. दादानं तिच्याकडं पाहिलं. बारा दिवस तो कानाला यंत्राचा सरळसोट सूर लावून वाजवत बसला.

लग्नानंतर आठवड्यानं केतकी उंब्रजला आली. तिशीची, बारीक चणीची, बोलताना बोटांनी हवेत काहीतरी मोजत राहणारी. दारात चप्पल काढल्यावर तिनं आधी हिंदुरावांच्या फोटोला हात जोडले, ते आत्याला बरं वाटलं.

ठसा चालत नाहीये, असं केतकीनं सरळच सांगितलं. लोक नावं ठेवत नाहीत, पण दुसऱ्यांदा बोलावत नाहीत. तिनं महिनाभर डोकं घातलं तेव्हा तिला कारण सापडलं. मग तिनं कॅसेटमधला जुना आवाज लावला, आणि त्याच्यातला सूर तेवढा वेगळा काढून आत्याला ऐकवला. आत्यानं आपला सूर असा एकटा कधी ऐकला नव्हता. तो सरळ नव्हताच. हिंदुरावांची हवा संपत आली की तो केसभर भरून यायचा. ते अवघड जागेवर जायला निघाले की जरा बाजूला सरायचा, आणि ते परत आले की पुन्हा अंग धरायचा.

"काकू, ते तुमच्यावर रेलून वाजवायचे," केतकी म्हणाली. "आम्ही त्यांना भिंत दिली. भिंतीला रेलता येतं, पण भिंत काही सावरून घेत नाही."

आत्या उठली आणि चहा टाकायला गेली. पातेल्यात पाणी ओतून झालं, साखर पडली, आणि मग तिला रडू फुटलं. एकेचाळीस वर्षं ती जे करत होती ते खरंच काहीतरी होतं, हे तिला कुणी सांगावं तर एका पुण्याहून आलेल्या मुलीनं, तेही दादा गेल्यावर. चहा उकळून वर आला तेव्हा तिनं डोळे पुसले.

केतकीचं मागणं एवढंच होतं, की आत्यानं चार दिवस कऱ्हाडला येऊन पट्टा बांधून सुराला बसावं. समोर हिंदुरावांचा ठसा वाजेल, आत्या सूर धरील, दोघांची गाठ बसेल. मग ठशाला ठसा मिळेल आणि हिंदुराव पुन्हा आपल्याकडं तोंड करून बसतील. जाता जाता ती सहज म्हणून एक गोष्ट बोलली. शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हिंदुरावांनी पट्टा सोडायला नकार दिला होता. सगळे बाहेर गेले, आणि ते एकटेच एकच स्वर धरून बसले होते, चांगली चाळीस मिनिटं. मध्येच थांबायचे, पुन्हा धरायचे, जणू समोर कुणीतरी वाजवतंय. कंपनीला वाटलं, म्हातारा माणूस, दमला असेल. ती चाळीस मिनिटं ठशात गेली खरी, पण त्यांचा उपयोग काय ते कुणालाच कळलं नव्हतं.

आत्याला मात्र ते ऐकून कसंतरीच झालं. तिनं चहाचे कप उचलले.

हिंदुरावांचा मुलगा शंतनू संध्याकाळी घरी आला. चाळिशीचा माणूस, बापासारखाच रुंद छातीचा. तालुक्यात हाडामासाच्या माणसांची सनई-चौघड्याची पार्टी आता एकच उरली होती, ती त्याची. सनई तो स्वतः वाजवायचा. तीन माणसं, त्यावर चालणारी तीन घरं. लोक अजून त्याला बोलवायचे ते अशासाठी की पेटीतली सनई गोड असली तरी अंगावर येत नाही. आत्यानं त्याला सगळं सांगितलं. त्यानं बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवली.

"तू सूर दिलास, की बाबा पुरे होतील," तो म्हणाला. "मग आम्हाला कोण बोलावणार आत्या? मी बाबांच्या पुढं उभा राहू शकत नाही. जिवंत होते तेव्हाही नाही."

जाऊ नको असं मात्र तो म्हणाला नाही. तेच तिला जास्त लागलं. भांडला असता तर तिनंही चार शब्द सुनावले असते आणि मोकळी झाली असती.

त्या आठवड्यात आत्या चालता बोलता स्वप्नात असल्यासारखी वागली. थंडी पडली होती. तारळी जिथं कृष्णेला मिळते तिथं सकाळी धुकं इतकं दाट उतरायचं की पाणी कुठं संपतं आणि काठ कुठं लागतो ते समजू नये. ती तिथं जाऊन बसायची. धुक्यात तिला दोन पोरं दिसायची, एक सोळा वर्षांचा, एक बारा वर्षांची, दोघांच्या हातात सनया. तात्या, म्हणजे त्यांचे वडील, देवळात गेले की ही दोघं नदीवर पळायची. एक दिवस तो वाजवायचा आणि ती सूर धरायची, दुसऱ्या दिवशी ती वाजवायची आणि तो धरायचा. पाळी कधी चुकायची नाही. आणि खरं सांगायचं तर ती त्याच्यापेक्षा चांगली वाजवायची. हे दोघांनाही माहीत होतं, नदीलाही माहीत असावं. तात्यांनी एकदा मागं उभं राहून ते ऐकलं. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून तिची सनई फळीवर ठेवून दिली.

पुढं तिचं लग्न झालं, ते दोन वर्षांतच मोडलं, आणि ती बाविसाव्या वर्षी माहेरी आली. तेव्हाच सूर धरणारे चुलते अंथरुणाला खिळले होते. मी धरते, असं ती म्हणाली. तात्यांनी खूप विचार केला, मग फळीवरची तीच सनई काढली, चुलीवर मेण पातळ केलं आणि एकेका भोकात ओतलं. ती बघत उभी होती. तात्या उठून गेल्यावर दादा तिच्या कानाशी आला. "एक दिवस काढू हे मेण," तो म्हणाला होता. "मी धरीन, तू वाजव."

एक दिवस म्हणता म्हणता एकेचाळीस वर्षं गेली. आज लग्नाची सुपारी आहे, उद्या जत्रा आहे, परवा बघू. दादा काही खोटारडा नव्हता. पण गोष्टी राहून जातात, तशी ही राहून गेली. तिनं कधी आठवण करून दिली नाही आणि त्यानं कधी तोंडानं काढलं नाही. फक्त सूर धरताना तिची बोटं बुजवलेल्या भोकांवरून दादाच्या बरोबरीनं फिरत राहायची. कुणाच्या ध्यानात यायचं नाही, कारण आवाज एकच निघायचा. इतकी वर्षं फिरून फिरून त्या मेणात बोटांच्या खळ्या पडल्या होत्या.

शुक्रवारी ती कऱ्हाडला गेली. स्टुडिओच्या दारात आली आणि तिला हसू आलं, कारण ही तीच खोली होती, जिथं त्यांची कॅसेट निघाली होती. भिंतीवरचं काथ्याचं अस्तर जाऊन पांढरं काहीतरी मऊ आलं होतं. खिडकीतून दुपारचं ऊन मात्र तसंच फरशीवर पडलं होतं. समोर सतरंजीवर दादा जिथं बसला असता, तिथं ती करडी पेटी होती.

केतकीनं पट्टा पुढं केला. आत्या म्हणाली, आधी एकदा नुसती बसते, माझं माझं. तुझं मोजमाप नंतर. केतकीनं जरा विचार केला आणि मान हलवली. तिनं पट्टा आपल्या मांडीवर घेतला आणि काचेपलीकडं जाऊन बसली.

आत्यानं ताडाच्या पानाची पत्ती ओठांत ओली केली, गाल भरले, आणि सूर धरला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पेटीत कुणीतरी श्वास घेतला. तो श्वास तिच्या ओळखीचा होता. वाजवायच्या आधी दादा नाकानं असाच जोरात घ्यायचा, लहानपणी सर्दी असल्यासारखा. आणि जोगिया राग सुरू झाला.

पहिल्या दोन-तीन वळणांना तो अजून पाठमोराच होता. ती थांबली नाही. त्याची हवा कमी झाली तशी ती भरून आली. तो कोमल ऋषभावर जाऊन डळमळला तशी ती जरा सरली आणि त्याला जागा दिली. आणि मग, नेमकं कोणत्या क्षणी ते सांगता यायचं नाही, दादानं मान वळवली. ह्याला दुसरा शब्द नाही. तो वळला आणि तिला बघून वाजवायला लागला.

मग खोली कुठं राहिली! पांढऱ्या भिंतींवर धुकं चढलं. उन्हाचा तुकडा पाण्यासारखा हलायला लागला. तात्या देवळाच्या पायऱ्या उतरत होते, आई परड्यात शेण सारवत होती, जत्रेतला पाळणा नुसताच फिरत होता, आवाजाशिवाय. दादा कधी सोळा वर्षांचा होता, कधी साठ वर्षांचा, आणि एकदा तर तिला तो दोन्ही वयांचा शेजारी शेजारी बसलेला दिसला. त्यानं तिला कधी न ऐकलेल्या जागा दाखवल्या. ती आनंदानं मनातल्या मनात म्हणत होती, जा, आणखी पुढं जा, मी आहे. काचेपलीकडं केतकी उभी राहिली होती आणि पट्टा तिच्या हातातून लोंबत होता.

किती वेळ गेला कोण जाणे. ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं. आत्याच्या गालांना कळ लागली, मग मानेला, मग डोळ्यांपुढं ठिपके यायला लागले. आता हा थांबेल, तिला वाटलं. जोगिया इतका लांबवायचा नसतो. दादा इतक्यात नेहमी थांबायचा, डोळ्यांनी खूण करायचा, आणि मग ती एक श्वासभर राहून मिटायची. पण पेटी काही थांबेना. तिच्यात काळीज नव्हतं, कुरकुर करायला. छाती नव्हती, दमायला. जोवर सूर आहे तोवर ती वाजवणार होती. आत्याच्या सगळं लक्षात आलं. ती पट्टा बांधून चार दिवस बसली की तिचा सूरही असाच कधी न संपणारा होईल. मग ही दोघं भावंडं मांडवामांडवांत एकमेकांकडं तोंड करून वाजवत राहतील, न दमता, आणि घरी कुणीच परत येणार नाही.

पण सूर खाली ठेवायचा कसा? एकेचाळीस वर्षांत ती आधी थांबली नव्हती. हातांना ते येतच नव्हतं. आपण थांबलो तर दादा पुन्हा जाईल, ह्या वेळी आपल्या हातानं जाईल, असं वाटून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते ओठांपर्यंत आलं, पत्ती खारट झाली, तरी तिनं सूर सोडला नाही.

मग खोकल्याची उबळ आली आणि सूर तुटला.

जोगिया अर्ध्या वळणावर थबकला. आत्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. खोलीत घड्याळ नव्हतं, तरी तिला काहीतरी टिकटिकल्यासारखं ऐकू येत होतं. ते तिचंच काळीज असेल.

पेटीत कुणीतरी श्वास घेतला, सर्दी असल्यासारखा. आणि एक स्वर आला, एकच, खालचा षड्ज, भरदार आणि स्थिर. तिला वाटलं, हा आता पुढं जाईल. तो कुठंही गेला नाही. तो धरून बसला. जरा वेळानं केसभर भरून आला, पुन्हा आवरला आणि वाट बघत राहिला. केतकीनं सांगितलेली ती चाळीस मिनिटं आत्याला आठवली. म्हणजे सगळे जेवायला गेले होते तेव्हा दादानं हे करून ठेवलं होतं. मेणाची गोष्ट त्याच्या ध्यानात होती. इतकी वर्षं होती.

"मेल्या," ती पुटपुटली, "आत्ता होय रे सवड झाली तुला?"

तिनं अंबाड्यातला आकडा काढला आणि सनई मांडीवर आडवी घेतली. मेण काळं पडलं होतं, दगडासारखं झालं होतं. एकेका भोकातून ती ते कोरत राहिली. खळ्या पडलेले तुकडे पदरात पडत होते. सूर मागं चालूच होता, त्याला कसली घाई नव्हती. केतकीनं काचेवर हलकेच टकटक केलं आणि पट्टा वर धरून खुणेनं विचारलं. आत्यानं मान हलवून नको म्हटलं. केतकीनं तिच्याकडं बघितलं, मग पट्टा गुंडाळून खिशात ठेवला.

आत्यानं वाजवायला घेतलं. सुरुवातीला सनई चिरकली, दोन बोटं घसरली, एक जागा साफ चुकली. दादा जरा बाजूला सरला आणि तिला जागा दिली. मग बोटांना रस्ता सापडला. भोकं मोकळी झाली होती इतकंच, बाकी बोटं तोच रस्ता चालत आली होती. तिनं फार काही अवघड वाजवलं नाही. नदीवर वाजवायची तेच वाजवलं, बारा वर्षांच्या मुलीला येत होतं तेवढंच, फक्त त्यात आता चौसष्ट वर्षं होती. दमली तेव्हा ती षड्जावर आली, टेकली आणि थांबली.

दादाचा सूर मागं एक श्वासभर राहिला. मग तोही मिटला. पेटी गप्प झाली, आणि तिनं पुन्हा आपण होऊन काही वाजवलं नाही.

केतकी आत आली.  आत्यानं पदरातले मेणाचे तुकडे गोळा करून रुमालात बांधले आणि तिला सांगितलं, की बाई, सूर काही मला देता यायचा नाही. कंपनीला काय सांगायचं ते तू सांग. लग्नांत दादा पाठमोरा वाजतोय तो वाजू दे. मला आता त्याचं तोंड बघून झालंय. केतकी म्हणाली, तुम्ही मघाशी जे वाजवलं ते तरी साठवायला हवं होतं काकू, आमची सगळी यंत्रं बंद होती. आत्या हसली. साठवून कसं चालेल, उद्या पुन्हा वाजवायचंय, असं म्हणून ती चप्पल शोधायला लागली.

ती घरी पोचली तेव्हा दिवस मावळायचा होता. शंतनू ओट्यावर बसून चौघड्याची वादी ताणत होता. त्यानं वर बघितलं नाही. दिलास का सूर, एवढंच विचारलं.

"न्हाई," आत्या म्हणाली. "उद्याची सुपारी कुठली हाय?"

इंदोलीची आहे, सकाळी आठचा मुहूर्त, असं त्यानं सांगितलं. आत्यानं पिशवीतून सनई काढली आणि ओट्यावर ठेवली. सातही भोकं उघडी होती. शंतनूच्या हातातली वादी सुटली. त्यानं सनईकडं बघितलं, मग तिच्या नखांत अडकलेल्या काळ्या मेणाकडं बघितलं.

आत्यानं रुमाल सोडला, मेणाचे तुकडे त्याच्या हातात ठेवले आणि घरात जाता जाता म्हणाली, "हे पातळ करून तुझ्या सनईत ओत. उद्या सूर तू धरायचास."